दोर धरणारीचा शब्द

आमच्या गावाने लढाई ठरवली ती दिवाळीनंतर, आणि ठरवून झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन अडली. हे आता सांगितलं की नातवंडं हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते. पण त्या दिवसांचा शीण अजून अंगात आहे. दुष्काळातली खडी फोडली, कोसावरून पाणी वाहिलं, तो सगळा शीण उतरला. हा एक मात्र उतरला नाही.

साल एकाहत्तरचं. माझं माहेर देवळाली प्रवरेकडचं, म्हणजे पाटाच्या पाण्यातलं, उसातलं. सासर नगरजवळच्या माळावरचं, बाजरी आली तर आली नाहीतर राम राम. लष्कराच्या सरावाचं रान गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. वर्षभर तोफा वाजायच्या. नवी नवरी होते तेव्हा पहिला दणका ऐकून माझ्या हातातली पिठाची परात पडली होती. सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "सराव हाय, लढाई न्हवं. पीठ भर." पुढे मलाही सवय झाली. दणका झाला की झाकणं वाजायची, आणि आम्ही आपलं काम करत राहायचो.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला, आणि दसऱ्याच्या सुमाराला तोफाही गप्प झाल्या. रणगाडे रेल्वेवर चढवून कुठंसे नेले म्हणे. कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच माहीत होतं. तोफा थांबल्या आणि गाव बोलू लागलं. न्हाव्याच्या झाडाखाली, एसटीच्या फाट्यावर, गिरणीत, जिथे जावं तिथे एकच विषय. पूर्व बंगालात माणसं मारताहेत, लोंढेच्या लोंढे आपल्याकडे येताहेत, आता लढाई केली पाहिजे की नाही. 'नाही' म्हणणारा एखादाच असे, आणि तोसुद्धा चाऱ्याचं काय एवढंच विचारून बिडी पेटवायचा. शाळेचे मास्तर रोज पेपर वाचून दाखवत. मास्तरांचा आवाज चांगला होता आणि त्यांच्या घरातलं कुणी मिलिट्रीत नव्हतं.

माझे यजमान मिलिट्रीत होते. गावातली चार घरं तशी होती, त्यातलं आमचं एक. दसऱ्यानंतर त्यांचं पत्र आलं नव्हतं. मला पेपर वाचता यायचा, सातवीपर्यंत शिकले होते मी, पण त्या दिवसांत मी तो हातात धरला नाही. जे त्यात लिहिलं होतं ते सगळ्या गावाच्या तोंडी होतं, आणि जे मला हवं होतं ते त्यात नव्हतं.

लढाई माझ्यापाशी कशी आली हे कळायला आधी विहिरीचं सांगितलं पाहिजे.

त्याच उन्हाळ्यात गावाची पिण्याची विहीर आटली. तळाला कातळ लागला होता, तो सुरुंग लावून फोडायचा ठरला. आमच्याकडे सुरुंगाची एक रीत होती. खाली एकच माणूस उतरतो, भोकात दारू भरतो, वात पेटवतो आणि यारीच्या दोराने त्याला वर ओढून घेतात. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचा तो लाकडी रहाट, दोघातिघांनी फिरवायचा. पण दोराचं टोक एकाच माणसाच्या हातात. ते कुणाच्या हातात द्यायचं हे उतरणारा स्वतः सांगतो. वात पेटवण्याआधी तो खालून दोन झटके देतो. दोर धरणाऱ्याने उलट झटका दिला तरच काडी ओढायची. नाही दिला तर त्या दिवशी सुरुंग नाही. का नाही, असं कुणी विचारायचं नाही. सरपंचाने नाही, पाटलाने नाही. वर उभे असलेले पन्नास जण एका बाजूला आणि त्या एकाचा हात एका बाजूला.

यजमान वैशाखात रजेवर आले होते. मिलिट्रीत दारूगोळ्याचं शिकलेले, म्हणून गावाने त्यांनाच उतरवलं. काठावर सरपंचांनी रीतीप्रमाणे विचारलं, "दोर कुनाकडं?" मी बायकांच्या घोळक्यात रिकामा हंडा घेऊन उभी होते. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "तिच्याकडं."

आधी लोक हसले. मग लक्षात आलं की ते थट्टा करत नाहीयेत. सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे, दुसरीकडेच बघू लागले. सासूबाईंनी हंडा खाली आदळला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. यजमान पुढे येऊन हळूच म्हणाले, "घाबरट मानूस दोर सोडत न्हाई. ये." मी पदर खोचला आणि गेले.

खालून दोन झटके आले. मी वाकून बघत होते. कडेच्या एका दगडाखालून माती झरत होती, चिमूटचिमूट. मी उलट झटका दिला नाही. "नको," म्हणाले. झालं. त्यांना वर घेतलं, माणसं सावलीत बसली, बिड्या ओढल्या, उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तो दगड काढून सुरुंग लावला, सगळं ठीक झालं. आदल्या दिवशीही झालं असतं कदाचित. मला विचाराल तर आजही सांगता येणार नाही. पण कुणी एका शब्दाने मला बोललं नाही, कारण रीत ती रीत.

आता सभेचं. शेजारच्या गावाने, सरकारने आता लढाई पुकारावी असा ठराव करून वर पाठवला, आणि त्या गावाचं नाव नगरच्या पेपरात छापून आलं. आमच्या सरपंचांना दोन रात्री झोप आली नसावी. लगेच दवंडी पिटून ग्रामसभा बोलावली, शाळेच्या पटांगणात. शाळेला लागून गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. भाषणं ऐकू यावीत म्हणून सरपंचांनी गिरणी बंद ठेवायला लावली. मी बाजरीचा डबा घेऊन तिथेच अडकले होते, आणखी चारसहा बायकाही होत्या. तेव्हा त्या युद्धात पहिलं काय अडलं असेल तर माझं दळण.

खिडकीतून सगळं दिसत होतं. मास्तर बोलले, छान बोलले. गेल्या खेपेला, पासष्टला, अर्ध्यावर सोडलं, यंदा सोडायचं नाही, म्हणाले. सरपंच बोलले. कुणीतरी चाऱ्याचं काढलं, त्याला खाली बसवलं. मग हात वर करायला सांगितले. सगळ्यांत आधी वर झाले ते आमच्या पिंजारी चाचांचे, आणि एक नाही, दोन्ही. चाचा आमच्या गल्लीतलेच, गाद्या-रजया भरायचे. गावात मुसलमानांची चार घरं, त्यांतलं एक त्यांचं.

ठराव तिथेच व्हायचा. पण एक म्हातारा उठला. विहिरी खोदण्यात त्याचा जन्म गेला होता. तो म्हणाला, "हात वर करायला काय लागतंय. उतरनारी पोरं कोन? त्यांचं दोर कुनाकडं हायती? त्यांना आधी इचारा."

वर केलेले हात खाली आले. कारण बोलणं खरं होतं. वर उभं राहून 'लाव काडी' असं ओरडायचं नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणाच्या मनात कपट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. त्यांना वाटलं, हाच न्याय. चार घरांतली चार माणसं 'हो' म्हणू देत, मग ठराव वर जाऊ दे.

वेशीतले आण्णा विचारायच्या आधीच उभे राहिले. वेशीला लागून त्यांचं घर, म्हणून वेशीतले. उंच, ताठ माणूस, धाकटा मुलगा मिलिट्रीत. "माझ्या पोराचा दोर माझ्याकडं," म्हणाले, "माझा हो लिवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग दुसऱ्या दोन घरांचेही 'हो' आले, पहिल्याइतके मोठ्याने नाही, पण आले.

राहिलं आमचं. मामा उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "माझ्याकडं न्हाई दोर. समद्या गावानं बघितलंय कुनाकडं हाय त्ये."

गिरणीतल्या बायका माझ्याकडे वळल्या. मी डब्याचं झाकण लावलं. मामांनी हे का केलं? रीतीला धरून केलं, की वैशाखात मुलाने दोर आपल्याला न देता सुनेला दिला त्याचा राग काढला, की 'हो' त्यांच्या तोंडून निघत नव्हता आणि 'नाही' म्हणवत नव्हता? मी त्यांना कधी विचारलं नाही आणि ते कधी बोलले नाहीत.

बाईमाणसाला भरसभेत कसं विचारायचं, म्हणून सभा पुढे ढकलली. आठवड्याभराने घरी येऊन माझा शब्द घेऊ, असं ठरलं. आणि तो आठवडा माझ्यावर गाव लोटलं.

पाण्याला जावं तर बायका थांबवायच्या. "मग काय ठरलं तुझं?" जणू मी लुगड्याचा रंग निवडत होते. एक म्हणायची, तिकडच्या बायांचे हाल ऐकलेस ना, तुला काळीज आहे की नाही. दुसरी म्हणायची, माझा नवरा असता तर मी पाठवलाच नसता. तिचा नवरा फाट्यावर पानाची टपरी चालवायचा. मास्तर पेपराची कात्रणं घेऊन ओट्यावर येऊन बसले. त्यांनी वाचलं ते खोटं नव्हतं. लेकरं घेऊन चिखलातून चालणाऱ्या त्या बाया मला दिसायच्या, आणि मनात यायचं, कुणीतरी गेलंच पाहिजे त्यांच्यासाठी. मग त्या 'कुणीतरी'चं तोंड दिसायचं, आणि ते माझ्या ओळखीचं असायचं. दोन्ही खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणूस फार थकतो.

सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणायचे, भाकरी थापता थापता निकाल दिला. "तू हो म्हनलीस आन् त्याला काय झालं, तर मी तुजं तोंड बघायची न्हाई. न्हाई म्हनलीस तर गाव आपलं तोंड बघायचं न्हाई. आता बघ तू." इकडे आड तिकडे विहीर ही म्हण ज्याने केली त्याने आमचं घर पाहिलं असावं.

"आत्या, मग मी म्हणू तरी काय?"

"मला काय इचारती? दोर मला दिला हुता व्हय?" असं म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, आणि मग डोळ्याला पदर लावला. धुराने डोळे चुरचुरले म्हणाल्या.

त्याच आठवड्यात थंडी पडली म्हणून आत्यांनी जुन्या रजया उसवून पिंजारी चाचांना बोलावलं. ते अंगणात कापूस पिंजत बसले. पिंजायच्या धनुकलीच्या तातीचा तो टण्टण् आवाज सुरू झाला आणि त्या आवाजाच्या आडून, माझ्याकडे न बघता, ते बोलू लागले. बोलताना हात थांबवला नाही.

"पोरी, सभेत मी दोन्ही हात वर केले. बघितलंस?"

"बघितलं, चाचा."

"येक पुरला असता का मला?"

मी उसवलेली खोळ झटकू लागले.

"तू न्हाई म्हन," ते म्हणाले. "तू न्हाई म्हनलीस तर लोक म्हनतील, नवऱ्यासाटी भ्याली. चार दिसांत इसरतील. म्या न्हाई म्हनलो तर दुसरंच म्हनतील, आन् त्ये कवाच इसरनार न्हाईत. माझ्या वाटनीचं बी तूच म्हन." आत्या बाहेर आल्या तशी त्यांनी थंडीची गोष्ट काढली. त्या हिवाळ्यात ती रजई अंगावर घेताना दर वेळी मला त्यांचं बोलणं आठवायचं.

आणि सगळ्यांत शेवटी आले वेशीतले आण्णा. मला वाटलं, आता देशाचं, मर्दानगीचं ऐकवणार. ते ओट्याच्या कडेला टेकले, पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला. सभेतला ताठा अंगावर नव्हता.

"म्या हो म्हनलो," ते म्हणाले. "म्हनलो तवा लई बरं वाटलं. घरी गेलो, आन् म्हातारी काय बोलंना. नुसती बघती माझ्याकडं."

मी दारात उभी होते. ते जमिनीकडे बघत बोलत होते. "दुसऱ्या दोघांनी माझं ऐकून म्हनलं. ते काय खरं न्हाई. तू इचार करून म्हननारी. तू बी हो म्हन पोरी. चौघांनी मिळून म्हनलं की वझं वाटून जातंय. येकट्याच्या डोस्क्यावर ऱ्हात न्हाई."

त्यांच्यासाठी तरी 'हो' म्हणावं, असं मला त्या घटकेला खरंच वाटलं. एका बाजूला चाचा त्यांच्या वाटणीचं 'नाही' माझ्याकडे टाकून गेले होते, दुसऱ्या बाजूला आण्णा त्यांच्या 'हो'चा अर्धा भार. सगळ्या गावाने आपापली गाठोडी आणून माझ्या दारात ठेवली होती. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते मी त्या आठवड्यात शिकले.

ठरल्या दिवशी सकाळी सरपंच आले, मास्तर आले, आण्णा आले, अंगण भरलं. मामा खाटेवर बसून राहिले. मी डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त कंटाळा आला होता. ज्याला चूल पेटवायची आहे, पाणी आणायचं आहे, त्याला भिऊन किती वेळ उभं राहता येतं?

सरपंच म्हणाले, "सूनबाई, गावाची रीत तुला ठावं हाय. तुजा शब्द काय?"

मी म्हणाले, "विहिरीवर मला खालचं दिसत होतं, सरपंच. माती झरताना दिसली म्हणून मी नको म्हणाले. इथं मला काय दिसतंय? ते कुठं आहेत तेसुद्धा मला माहीत नाही. त्यांनी मला खालून झटका दिलेला नाही."

"पर दोर तुज्याच हातात हाय न्हवं?"

"माझ्या हातात आहे म्हणता? मग मी ओढते. आत्ता ओढते. त्यांना वर येऊ द्या, अंगणात उभं राहू द्या, मग त्यांनाच विचारू."

"आसं कसं व्हईल? त्ये सरकारचं मानूस."

"मग दोर सरकारच्या हातात आहे. मला कशाला विचारता?"

माझा आवाज चढला होता. इतक्या माणसांपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. तो म्हातारा विहीरखोद्या मागे उभा होता, तो म्हणाला, "ह्यो हो बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई. उलटा झटका आला न्हाई, मंग काडी वढायची न्हाई." आणि काठी टेकत चालू लागला. ठराव तिथेच राहिला. रीतीपुढे सरपंचांचंही चाललं नाही. त्यांना पेपरात गावाचं नाव छापून आणता आलं नाही, आणि त्यांनी पुढे वर्षभर माझ्याशी सरळ बोलणं टाकलं.

मामा खाटेवरून उठले, माझ्या जवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "पानी मी आनतो आज." त्यांनी खरंच आणलं. सासऱ्याने सुनेच्या घागरी वाहिलेल्या गावाने तेव्हाच पाहिल्या.

मग डिसेंबर उजाडला आणि लढाई लागली. तिकडून विमानं आली, बॉम्ब टाकले, इकडून आपलं सैन्य निघालं, रेडिओवर सांगितलं. आमच्या गावाच्या शब्दासाठी कुणी थांबलं नव्हतं. दिवे झाकायला सांगितले, आम्ही कंदिलाच्या काचांना कागद चिकटवले. मास्तर नकाशा घेऊन फिरू लागले. मी दिवसभर काम करायचे आणि दिवस मावळला की गिरणीवाल्याच्या रेडिओपाशी जाऊन उभी राहायचे. निवेदक जागांची नावं सांगायचा. एकही ओळखीचं नाव नसायचं, तरी प्रत्येक नाव मी मनात दोनदा म्हणायचे. पंधरवड्यात जिंकलोसुद्धा. गावात पेढे वाटले. मी एक खाल्ला. चव कळली नाही, पण गोड होता एवढं आठवतं.

पेढे वाटून झाल्यावर वेशीतल्या आण्णांच्या घरी तार आली.

शाळेच्या पटांगणात पुन्हा सभा झाली, त्यांच्या धाकट्याच्या फोटोला हार घालायला. आता बायकाही पुढे बसल्या होत्या. नगरहून कुणी साहेब आले होते. सरपंच बोलायला उठले. म्हणाले, "ह्या बापाचं काळीज बघा. गावात पयला हो ह्यांनी म्हनला. पयला." त्यांना आण्णांचा मान करायचा होता. मी आण्णांच्या बाजूला बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं. ती आण्णांकडे बघत होती. आण्णा कुणाकडेच बघत नव्हते. ती सभा संपेस्तोवर मला तिथे बसवेना.

यजमान शिमग्याला आले. धड आले, एका कानाने कमी ऐकू यायचं तेवढं सोडून. आले आणि दोन दिवस झोपले. उठल्यावर मी त्यांना सभेचं सांगितलं, दोराचं, ठरावाचं. त्यांनी चांगल्या कानाने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी हितं सभा घेत हुता? आमाला तर कुठं चाललोय त्ये बी सांगितलं न्हवतं." आणि चहा मागितला. लढाईबद्दल ते एवढंच बोलले, पुढेही फार नाही.

पण गाव गप्प बसतंय थोडंच. पाण्यावरच्या त्याच बाया आता म्हणू लागल्या, हिने शब्द दिला नाही म्हणून हिचा आला. ज्यांनी मला भित्री म्हटलं होतं त्या आता माझ्या हाताला हात लावून जायच्या. एकीने घरची विहीर खोदताना दोर धरायला मला बोलावणं धाडलं. आत्यांनासुद्धा शेजारणीला सांगताना ऐकलं, "आमची सून लई घट्ट." मला संताप यायचा. अगं बायांनो, असं म्हणता तेव्हा दुसऱ्या बाजूला काय म्हणता हे कळतंय का तुम्हाला? जिचा आला तिने शब्द धरून ठेवला, आणि ज्याचा नाही आला त्याने? तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

आण्णांच्या कानावर ते गेलंच. उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी ते आमच्या शेताच्या बांधावर आले. मी एकटीच नांगरटीत वर आलेल्या काशा, हरळीची मुळं, वेचत होते. ते बाभळीखाली बसले. चारपाच महिन्यांत त्यांची मान खाली आली होती.

"पोरी, येक इचारतो. खरं सांगशील?"

"विचारा आण्णा."

"म्या न्हाई म्हनलो असतो तर ऱ्हायला असता का त्यो?"

मी हातातल्या काशा टाकल्या आणि त्यांच्यासमोर बसले. किती दिवस हे त्यांना सांगायचं माझ्या मनात होतं. मी म्हणाले, "आण्णा, नीट ऐका. तो ठराव गेलाच नाही. माझ्यापाशी अडला ना? गावाच्या बाहेर एक अक्षर गेलं नाही. दिल्लीला आपल्या गावाचं नावसुद्धा माहीत नाही. तुमचा हो शाळेच्या पटांगणात झाला आणि तिथेच राहिला. तुम्ही हो म्हणाला असता, नाही म्हणाला असता, गप्प बसला असता, तरी त्याला जायचं तिथे तो गेलाच असता. माझे आले ते माझ्यामुळे आले नाहीत. तुमचा गेला तो तुमच्यामुळे गेला नाही."

मला वाटलं, ओझं उतरलं. मला स्वतःलाही हलकं वाटलं, कित्येक महिन्यांनी.

"म्हंजी म्या देसाला दिला न्हाई त्याला," ते म्हणाले.

"नाही आण्णा. तुम्ही नाही दिला."

"मंग त्यो नुसताच गेला."

बाभळीची पिवळी फुलं त्यांच्या पागोट्यावर पडली होती, ती त्यांनी झटकली नाहीत. हात गुडघ्यावर रेटून ते उठले, चार पावलं गेले आणि माघारी वळले.

"ह्ये आनिक कुनाजवळ बोलू नको. म्हातारी आता कुठं दोन घास खाया लागलीय. तिला म्या सांगितलंय, आपन दिला म्हनून."

मी बरं म्हणाले.